नको म्हटलेलं लुगडं

आमच्याकडे लग्नाला माणूस रिकाम्या हातानं जात नाही आणि रिकाम्या हातानं परतही येत नाही. जाताना साडी न्यायची, येताना साडी आणायची. बाप्यांना टोपी-दुपट्टा, बायांना साडी आणि वर ब्लाउजपीस. ती साडी कोणी नेसत नाही, तिची घडीसुद्धा मोडत नाही. प्लास्टिकच्या पिशवीतून कपाटात जाते आणि पुढच्या लग्नसराईत त्याच पिशवीतून दुसऱ्याच्या घरी. मी दिलेली एक मोरपंखी साडी अशी अख्खं बाभुळगाव फिरून माझ्याकडेच परत आली होती. पिशवीवर माझ्या हळदीच्या बोटांचा डाग होता, म्हणून ओळखली. शेजारणीला बोलावून दाखवली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

ते हसण्यावारीच सोडून द्यायला हवं होतं. पण मी पडले मास्तरीण. उभा जन्म पोरांना रांगेत उभं करण्यात गेला, त्यामुळे कुठं काही वाकडं दिसलं की माझा हात शिवशिवतो. नवरा म्हणतो, "हिच्या घरात भांड्यायले बी हजेरी द्या लागते." तो गमतीनं म्हणतो, पण खोटं म्हणत नाही.

त्यात मी यवतमाळला एका प्रशिक्षणाला गेले. विषय हवामान बदलाचा, पण ढगांचा आणि वाऱ्याचा नाही, माणसाच्या वागण्याचा. उन्हाळा आमच्या जिल्ह्याला नवा नाही. पण आता तो होळीच्या आधीच येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही, हे कोणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. ती म्हणाली, माहिती देऊन माणूस बदलत नाही. तंबाखूच्या पुडीवरचं वाचूनच लोक तंबाखू मळतात. माणूस शेजाऱ्याकडे बघून बदलतो. म्हणून सुरुवात स्वतःपासून करा, लोकांना दिसेल अशी करा आणि चारचौघांत बोलून करा, कारण चारचौघांत दिलेला शब्द मोडायला माणूस कचरतो. शेवटी तिनं एक गोष्ट बजावून सांगितली. कोणाला लाजवू नका. लाजवलेला माणूस बदलत नाही, लपतो. मी सगळ्यांत पुढं बसले होते आणि तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते, या शेवटच्यालाही.

तिथंच मला कळलं की आपल्या त्या चमकणाऱ्या साड्यांचा धागा खनिज तेलातून निघतो, ज्याच्यावर गाड्या चालतात त्याच तेलातून. मला स्वतःचाच राग आला. आम्ही कापूस पिकवणारे लोक. घरचा कापूस बाजारात घालायचा आणि तेलाचा धागा विकत आणायचा, तोही नेसायला नाही, कपाटात कोंबायला. त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी मनाशी पक्कं केलं, आपल्या गावातून आहेर उठवायचा.

पुढं महिनाभरात भाऊबीज आली. माझा भाऊ एकच. माझ्यापेक्षा लहान, माझ्या कडेवर वाढलेला. बोरी अरबच्या बाजूला त्याचं वावर आहे, कापूस, सोयाबीन आणि थोडी तूर. दरसालच्या रिवाजानं त्यानं साडी आणली. ओवाळून झाल्यावर मी ती त्याच्यासमोरच उलगडली आणि म्हटलं, "हे प्लास्टिक होय बाप्पा. उन्हात अंगाले चिकटते."

"मंग काय नेसतं वं ताई तू?" तो हसत म्हणाला.

"सुती. तुया वावरातला कापूस काय पाप करते? अन् येकच आनाचं, पन नेसता येईन असं."

तो नुसता हसला. मीही विसरून गेले. मी दिवसभरात इतक्या लोकांना इतक्या गोष्टी सांगते की कोणाला काय सांगितलं ते माझ्या ध्यानात राहत नाही.

वैशाखात लेकीचं लग्न ठरलं आणि माझ्या अंगात आलं. बचत गटाच्या बायांसमोर मी जाहीर केलं की माझ्या घरी आहेर बंद. घेणार नाही, देणार नाही. पत्रिकेवर छापून घेतलं. मांडवाच्या दारावर हातभर अक्षरांत फलक लावला. लेक म्हणाली, "आई, मामाचं काय?" मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.

परगावच्या माणसाला हे समजायला कठीण जाईल, म्हणून सांगते. मांडवाच्या दिवशी भाऊ बहिणीसाठी लुगडं घेऊन येतो. ते नेसून मग ती लेकीच्या हळदीला बसते. ज्या बाईला भाऊ नाही तिला मानलेला भाऊ उभा करावा लागतो. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? माझ्या आईला मी मामानं आणलेल्या लुगड्यात पाहिलं आहे. पण माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. भावाचं घेतलं तर बाया म्हणतील, आपल्याले सांगते अन् स्वतः घेते. भावाला आधी फोन करून सांगायचं मनात होतं. ते राहून गेलं, किंवा खरं बोलायचं तर मी राहू दिलं. पत्रिका गेली आहे, तो वाचेलच, अशी मी माझी समजूत घातली.

मांडवात गटाच्या झाडून साऱ्या बाया आल्या होत्या. दारात डफडं वाजत होतं. भाऊ आणि भावजय आले. त्याच्या हातात एक कापडी पिशवी होती. ती त्यानं दोन्ही हातांनी पुढं केली आणि म्हणाला, "ताई, घे वं."

मी हात जोडले. त्याच्याकडे न बघता बायांकडे बघत, शाळेत प्रार्थनेच्या वेळी बोलते त्या आवाजात बोलले, "भाऊ, आपण आहेर घ्यायचा नाही असं ठरवलंय. नियम सगळ्यांना सारखा. तू भाचीला आशीर्वाद दे, तेवढं मला पुरे."

जन्मात मी भावाशी असं पुस्तकी बोलले नव्हते. तो "बरं" म्हणाला. बायांनी टाळ्या वाजवल्या. कोणी तरी ते मोबाइलवर टिपलंच. मी कपाटातली जुनी साडी नेसून हळदीला बसले आणि आत्ता लिहितानाही लाज वाटते, पण त्या वेळी माझी छाती अभिमानानं फुगली होती.

भावानं लग्नात कुठं कमी पडू दिलं नाही. मंगलाष्टकांना भाचीच्या मागं उभा राहिला, पंगतीत वाढलं, पाठवणीला रडला. फक्त पाठवणी झाल्याबरोबर निघाला. एरवी तो आला की माझ्या घरी दोन दिवस लोळायचा.

माझा तो मोबाइलवरचा प्रसंग गावोगावच्या ग्रुपवर फिरला. आणि काय सांगू, खरंच बदल झाला. त्या लग्नसराईत आमच्या गल्लीतली सगळी लग्नं बिनआहेराची झाली. प्रशिक्षणातल्या त्या मुलीनं सांगितलं होतं अगदी तसं, माझं ऐकून नाही, माझं पाहून. मारेगावकडच्या एका गटाच्या बाईनं फोन करून विचारलं, "मॅडम, तुमी कसं केलं?" मी तिला पाऊण तास सांगितलं. शेजारीणही येऊन म्हणाली, "ताई, भाचीच्या लग्नात मी बी तुमच्यासारखंच केलं." काय केलं ते मी विचारलं नाही. शाबास म्हटलं आणि तिच्या हातावर साखर ठेवली.

राखीला भाऊ आला. नीट जेवला, राखी बांधून घेतली. दरवेळी तो ताटात काही ना काही टाकायचाच, साडी, स्टीलचा डबा, घरची तुरीची डाळ. या खेपेला त्यानं ताटाला हात जोडले.

"डाळ तं आनाची," मी म्हटलं.

"कोनतं चालते अन् कोनतं नाई, मले समजत नाई वं. मंग नाईच आनलं. तुयी शपथ कायले मोडू?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी दोन शिव्या घातल्या असत्या, त्यानं दोन घातल्या असत्या, आणि संध्याकाळी चहा घेतला असता. तो माझ्याशी जपून बोलत होता, परक्या बाईशी बोलावं तसा. निघताना मी विचारलं, "भाऊबीजेले येशीन ना?"

"पाहू. वेचनी राहते," तो म्हणाला.

भाऊबीजेला कापसाची वेचणी दरवर्षीच असते. वेचणी टाकून तो दरवर्षी आला आहे. ज्या वर्षी त्याचा पाय मोडला होता त्या वर्षीही गाडीत आडवा होऊन आला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. पण मी कोणाला बोलले नाही. काय बोलणार? गावभर तर मला आदर्श म्हणत होते.

दिवाळीच्या तोंडावर यवतमाळला महिलांचा मेळावा होता. माझा सत्कार ठरला होता. मोठं सभागृह, समोर पडदा. माझी ओळख करून द्यायच्या आधी त्यांनी पडद्यावर तो मांडवातला प्रसंग लावला. मी तो मोबाइलवर पुष्कळदा पाहिला होता, पण दरवेळी स्वतःलाच पाहिलं होतं, मी कशी उभी आहे, कशी बोलते आहे. त्या दिवशी पडदा इतका मोठा होता की भावाचा चेहरा माझ्या चेहऱ्याएवढा झाला.

पिशवी पुढं करताना तो हसत होता. लहानपणी काही तरी करून दाखवायचं असलं की हसायचा तसा. मी बोलायला लागले तरी हसू तसंच होतं, मग हळूहळू गेलं. पिशवी मागं घेताना त्यानं तिचं तोंड मुठीत आवळलं, कोणाला आतलं दिसू नये म्हणून. तरी एक लाल काठ बाहेर आलाच. त्याला चमक नव्हती. आणि मागं भावजय उभी होती, तिच्या हातात कुंकवाच्या ताटलीशिवाय काही नव्हतं. भाऊ मांडवात येतो तो एक पिशवी घेऊन येत नाही. बहिणीच्या सासूला, नणंदेला, जावांना, सगळ्यांना आणतो, गाठोडं असतं. यानं एकच आणलं होतं. 'येकच आनाचं, पन नेसता येईन असं,' हे माझे शब्द मला तेव्हा आठवले.

सभागृहात टाळ्या वाजत होत्या. एक साहेब पुढं आले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, झगमगती, तेलाच्या धाग्याची. वर खोक्यातलं प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह दिलं. आहेर न घेणाऱ्या बाईनं ते दोन्ही हातांनी घेतलं, वाकून नमस्कार केला आणि फोटोला हसली. साहेबांना नाही म्हणायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. एसटीत बसेपर्यंत ती शाल माझ्या खांद्यावरच होती. मग काढून मी ती पायाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं भावाकडे निघाले. घरी कुलूप होतं, म्हणून तशीच वावरात गेले. भावजय ओळीत कापूस वेचत होती. कमरेला बांधलेली ओटी कापसानं फुगली होती. आणि तिच्या अंगावर हिरवं सुती लुगडं होतं, लाल काठाचं. काठ दोन-तीन जागी फाटून दोऱ्यानं शिवला होता. पदरावर केळीच्या डागासारखे काळपट डाग पडले होते.

"अवं, हे लुगडं..." मी म्हटलं.

"तुमचंच होय," ती हात न थांबवता म्हणाली.

"वेचनीले नेसतं?"

"मी पेटीत ठेवलतं. यायनंच काढाले लावलं. म्हने, ठेवू नको, वापर. ताईले वाया गेलेलं आवडत नाई."

मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसले. भावजय बोलत राहिली, टोमणे न मारता, वेचता वेचता बोलावं तसं. "यवतमाळात साऱ्या दुकानात चमकीच होती. मंग नागपूरले गेलते, उन्हाचे. मी म्हनलं, येकच कायले नेता, साऱ्यायले न्या लागते, लोक हासतीन आपल्याले. तं म्हने, हासू दे. ताई सांगते थे बरोबर हाय. आपन नाई ऐकलं तं कोन ऐकीन?"

मला रडू आलं. साऱ्या तालुक्यात माझं ऐकणारा पहिला माणूस तो होता. टाळ्या वाजवणाऱ्या बायांच्या कितीतरी आधी त्यानं ऐकलं, बायकोशी वाद घालून ऐकलं, लोकांचं हसणं सोसायच्या तयारीनं ऐकलं. आणि मी पिशवीत डोकावले नाही. नुसतं डोकावले असते तरी पुरलं असतं. ते लुगडं मांडवात सगळ्यांसमोर उलगडून दाखवलं असतं, की बायांनो, हे बघा, असं एकच आणायचं, तर भावाचा मान राहिला असता आणि माझंही काम झालं असतं. पण मला नियम पाहिजे होता आणि स्वतःला पाहायचं होतं.

भाऊ पलीकडून डोक्यावर गाठोडं घेऊन आला. मला बघून थबकला. "येकटीच आली वं? सारं ठीक हाय ना?"

"मले थे लुगडं दे," मी म्हटलं.

त्यानं गाठोडं उतरवलं, घाम पुसला, भावजयीकडे पाहिलं. "येडी झाली का? वापरलेलं लुगडं बहिनीले देत असते का कोनी?"

"मले तेच पाह्यजे."

"नाई. द्याचं तं नवं देईन."

नको, नवं कशाला, हेच चांगलं आहे, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. हेच तर मी सगळ्यांना शिकवत होते. आहे ते वापरा, नवं घेऊ नका. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता, मी आता काय म्हणते म्हणून, आणि त्याचा चेहरा पडद्यावरच्यासारखाच होता. एकदा नको म्हणून झालं होतं. दुसऱ्यांदा तोंडातून निघेना.

"बरं," मी म्हटलं. "घे नवं."

त्यानं वेचणी तशीच टाकली. हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला आणि मला मोटरसायकलवर मागं बसवून दारव्ह्याला नेलं. वाटेत काही तरी गुणगुणत होता. दुकानात त्यानं आधी विचारलं, "सुती हाय का?" दुकानदार म्हणाला, "सुती कोन नेसते आता, काकाजी?" भावानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "असू दे. जे हाय त्यातलं दाखवा."

जांभळी साडी निघाली, पदरभर टिकल्या आणि खडे. त्याला ती आवडली. त्यानं ती उजेडात धरून पाहिली, माझ्या खांद्याला लावून पाहिली. मला वाटलं, झालं. पण तो म्हणाला, "आता भाऊजीले टोपी-दुपट्टा. तुया सासूले. नंदायले. जावायले." मी म्हटलं, "अरे, इतकं?" तो म्हणाला, "राहू दे. मांगच्या खेपेचं राह्यलं हाय." साड्यांचा ढीग वाढत गेला. एका लुगड्यावर समाधान मानणारा माणूस आता कोणी हसू नये म्हणून अख्खं दुकान उचलत होता, आणि हे त्याला कोणी शिकवलं ते मला ठाऊक होतं. मी स्टुलावर बसून पाहत राहिले. एका शब्दानं अडवलं नाही.

भाऊबीजेला तो आला. दोन मोठ्या पिशव्या घेऊन गल्लीतून सरळ मधोमध चालत आला, सगळ्यांना दिसेल असा. ओट्यावरच थांबून मोठ्यानं म्हणाला, "ताई, घे वं." मी घेतलं. ती जांभळी साडी नेसून त्याला ओवाळलं. साडी अंगाला चिकटत होती आणि खडे टोचत होते. तो खूप बोलत होता, खूप जेवला, दुपारी ओसरीत लोळला, दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. माझा भाऊ मला परत मिळाला होता आणि मला त्याचं सुख झालं, ते मी लपवणार नाही. पण ओवाळताना दारातून शेजारीण बघत होती. या वेळी ती हसली नाही.

पुढच्या गटाच्या बैठकीत मी स्वतःच विषय काढला. म्हटलं, मी भावाचा आहेर घेतला. माझं चुकलं होतं, आधी चुकलं होतं, आता नाही. भावाचं एक लुगडं चालेल, सुती असावं, नेसण्याजोगं, बाकी बंदच ठेवू. बाया माना डोलावत होत्या. पण त्यांनी मी काय बोलले ते ऐकलं नाही, मी काय नेसले ते पाहिलं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नं सुरू झाली आणि पहिल्याच मांडवात प्लास्टिकच्या पिशव्यांची थप्पी लागली. एक बाई माझ्या हातात पिशवी देऊन म्हणाली, "आता तं चालते ना ताई तुमाले." तिनं टोमणा मारला नव्हता. बरं वाटून म्हणाली होती. मी ती घेतली, घरी आणली आणि कपाटात ठेवली.

त्याच लग्नाहून परतताना शेजारीण माझ्यासोबत होती. मोरपंखी साडीवर माझ्याबरोबर हसलेली हीच. चालता चालता ती म्हणाली, "ताई, तुमचा भाऊ कसा आला वो परत?"

मला आधी काही समजलं नाही.

"माया नाई आला," ती म्हणाली. "भाचीच्या लग्नात थो मले अन् बहिनीले लुगडं घेऊन आलता. तुमचं पाह्यलतं ना मी, तसेच हात जोडले. थो काईच बोलला नाई. राखीले नाई आला. भाऊबीजेले ताट करून बसली होती मी, दिवा इझला तरी. तुमाले सांगतलंतं मी. तुमी शाबास म्हनलं."

तिच्या हातावर मी साखर ठेवली होती. ती चालत होती आणि मी तिच्या बाजूनं चालत होते. प्रशिक्षणात त्या मुलीनं सांगितलं होतं की माणूस शेजाऱ्याकडे बघून बदलतो. ही माझी शेजारीण होती. माझ्या भिंतीला तिची भिंत लागून आहे.

"मी गेलती त्याच्या वावरात," मी म्हटलं. "लुगडं मागाले."

"अन्?"

"नवं घेतो म्हने. मी म्हनलं, घे."

ती थोडं चालली. "माया भावानं थे लुगडं तवाच जाळलं म्हने, वहिनी सांगत होती. मी काय मागू वो ताई?"

तिचं घर आलं. तिनं कुलूप काढलं, आत गेली आणि दिवा लावला. मी माझ्या दारात उभी राहिले, हातात लग्नातली पिशवी घेऊन.